कोंडा नव्हता तो

कोंड्याने कोणी मरत नाही, असं माझी मोठी जाऊ म्हणाली होती. चार बायकांत, माझ्या तोंडावर, हसत म्हणाली होती. पुढे मी वसईच्या एका हॉस्पिटलात अंगभर लाल होऊन कुडकुडत पडले तेव्हा ती भेटायला आली, आणि तिने दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं ते मी लिहिते आहे. ज्यांच्या डोक्यातून पांढरं पडतं आणि ज्यांना घरातले, दारातले, रस्त्यावरचे सगळे फुकट उपाय सांगतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे. जाऊबाईंनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी फुलांचा धंदा करते. जूचंद्रच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात माझं सासर. लग्न होऊन आले तेव्हा भातशेती होती, ती थोडी वाटण्यांत आणि बाकीची इमारतींत गेली. मी टोपली घेऊन नायगावला रस्त्याकडेला बसले. आज माझा गाळा आहे, नवऱ्याचा टेम्पो आहे, आणि आगाशीकडच्या वाड्यांमधून मोगऱ्याची कळी उचलणाऱ्यांत मला ओळखत नाही असा माणूस नाही. हे मला कोणी आणून दिलेलं नाही. भाव तोडून, भांडून, उठून चालायला लागून आणि मागून हाक आल्यावरच वळून मिळवलेलं आहे. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. गोड बोलणाऱ्या बाईला वाडीवाले कालची कळी देतात.

आणखी एक गोष्ट माझी होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चैत्रात आमच्या गावच्या देवीची पालखी निघते. पालखीवर मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी चढते. ती दोऱ्यात ओवत नाहीत, केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंफतात. त्या सकाळी गावातल्या सवाष्णी न्हाऊन, केसांना तेल लावून देवळाच्या मंडपात चटईवर बसतात. चटईच्या मधोमध जी बसते ती देवीच्या मुखासमोरचा सर गुंफते. ती जागा माझ्या सासूची होती. हातपाय थकल्यावर तिने ती थोरल्या सुनेला दिली नाही, मला दिली. थोरलीचा सर सैल पडतो, कळ्या गळतात, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. सासू गेली, पण ते वाक्य राहिलं, आणि त्याचा राग जावेने माझ्यावर काढला.

फुकटचे उपाय

सुरुवात भांगात झाली. खाज आणि पांढरा भुसा. काळा आणि गडद निळा ब्लाउज मी घालायचं सोडलं. फुलवालीच्या खांद्यावर काय पडलंय ते गिऱ्हाइकाला आधी दिसतं, कारण ते गजरा घ्यायला वाकलेलं असतं.

मग उपाय सुरू झाले. एकीने लिंबू सांगितलं, एकीने आंबट दही, एकीने मेथ्या भिजवून वाटून. नवीन टॉवरमधली एक नोकरीवाली मुलगी म्हणाली, "मावशी, यूट्यूबवर बघा ना, बेकिंग सोडा लावतात." माझ्या जावेने सांगितलं की डोकं कोरडं पडलंय, तेल जिरव. तेल तर आमच्याकडे सगळ्याचंच औषध. मी रात्री वाटीभर खोबरेल चोळून झोपायचे, सकाळी नखांनी खरवडायचे, आणि खवले निघाले की डोकं साफ झालं असं समाधान वाटायचं. लिंबू लावलं त्या दिवशी चिरा पडलेल्या कातडीत अशी आग झाली की मी मोरीत भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

आता जे मला माहीत आहे ते इथेच सांगून टाकते. साधा कोंडा असेल तर तो औषधी शाम्पूने जातो. तो लावून लगेच धुवायचा नसतो, काही मिनिटं फेस डोक्यावर ठेवायचा असतो आणि काही आठवडे नेमाने करायचा असतो. रात्रभर तेल मुरवून कोंडा जात नाही, उलट पोसला जातो. नखांनी खरवडायचं नाही. आणि पांढरं केसांची हद्द ओलांडून कपाळावर, कानामागे, मानेवर उतरलं, जाड झालं, रक्त यायला लागलं, तर घरातले उपाय तिथेच थांबवायचे. माझ्या बाबतीत ती हद्द केव्हाच ओलांडली होती. पण मला कोणी थांब म्हणालं नाही. सगळे "आणखी हे करून बघ" म्हणत होते.

ट्यूब

गाळ्याच्या समोर औषधाचं दुकान आहे. दुकानदार रोज सकाळी माझ्याकडून हार घेतो, फोटोला घालायला. त्याला मी म्हटलं, डॉक्टर शेवटी जे लिहून देणार तेच दे, मधला माणूस कशाला. धंद्यात मी हेच करते. मधला माणूस काढला की माल स्वस्त पडतो. त्याने एक ट्यूब काढून दिली. म्हणाला, सगळे हीच नेतात.

आठवड्यात डोकं स्वच्छ झालं. खाज गेली, लाली गेली. मी गावभर सांगत सुटले. दोन शेजारणींना त्याच ट्यूबा नेऊन दिल्या. पण लावायचं थांबवलं की पांढरं परत यायचं, आणि पहिल्यापेक्षा जाड यायचं. मग मी थांबवायचंच सोडलं. वर्ष उलटलं. ट्यूब पुरेनाशी झाली. कानामागे पापुद्रे, कोपरांवर चकत्या, कपाळाच्या कडेला पांढरी किनार. दुकानदाराला विचारलं की तो म्हणायचा, ताई, थोडी जास्त लावा. त्याने मला कधीच विचारलं नाही की तुम्ही ही किती दिवस लावताय. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही. तो आजही त्याच ट्यूबा विकतो, फक्त हार दुसरीकडून घेतो.

चटई

त्या वर्षी चैत्रात मी नेहमीसारखी न्हाले, रीतीप्रमाणे डोक्याला तेल लावलं, अंबाडा घातला आणि मंडपात मधल्या जागेवर बसले. तेलाने खवले मऊ होतात आणि सुटतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं की मान खाली घालून मी कळ्या गुंफते आहे आणि हिरव्या सोपटावर काहीतरी पांढरं पडतंय, जे मोगरा नाही.

मी ते बोटाने उडवलं. आणखी पडलं. शेजारच्या बाईचे हात थांबले. मग सगळ्यांचेच थांबले.

जाऊ समोर बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "ऊठ गो. देवीच्या फुलान परतंय तुज्या डोक्यातून."

मी म्हटलं कोंडा आहे, कोंडा कोणाला नसतो. ती म्हणाली, "कोंड्यानी कोन मरत नाय. पन हा कोंडा नाय. तुजे कोपर बघितले मी." आणि हसली. कोणीतरी कुजबुजत विचारलं, महारोग तर नाही ना.

मी रागाची आहे. रडायला हवं होतं तिथे मी ओरडले. सासूचं वाक्य काढलं, तिचे सैल सर काढले, तिच्या माहेरापर्यंत गेले. देवीच्या मंडपात. माझं बोलणं संपलं तोवर एकही माझ्या बाजूची उरली नव्हती. त्यांनी माझा अर्धा सर सुरीने कापला, पडलेलं पुसून ती चटई उन्हात टाकली, आणि दुसरी अंथरली. नव्या चटईवर मधोमध जाऊ बसली.

आजार नंतर कळला. जागा आधी गेली.

त्या दिवशीची घासाघीस

घरी येऊन मी ट्यूब उकिरड्यावर फेकली आणि शपथ घेतली की आता काहीच लावणार नाही. एकदम बंद केलं. तेही चुकीचं होतं, पण सांगणारं कोण होतं? उन्हाळा संपेपर्यंत चकत्या एकमेकींना मिळाल्या. श्रावणाच्या तोंडावर एका सकाळी उठले तर अंग लाल, छातीपासून पोटऱ्यांपर्यंत, भाजल्यासारखं. हात लावला तर गरम, आणि मला मात्र थंडी वाजत होती. पाय सुजलेले. चादरीवर कातड्याचा चुरा.

माझी मुलगी रेश्मा अंधेरीला नोकरी करते. तिने त्या दिवशी रजा टाकली आणि मला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी विचारलं, काय लावत होता? मी म्हटलं, घरचंच, तेल, लिंबू. मलम? थोडे दिवस. रेश्मा म्हणाली, "थोडे दिवस नाही, वर्षाच्या वर. घरातल्या डब्यात रिकाम्या ट्यूबा पडल्यात." माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा कोंडा नाही, सोरायसिस आहे. संसर्गाचा नाही, कोणाला लागणारा नाही. त्या स्टेरॉइडच्या मलमाने तो झाकला गेला आणि मलम अचानक थांबल्यावर उसळला. आता तो सगळ्या अंगावर आहे, म्हणून घरी जायचं नाही, आजच भरती व्हायचं.

मी विचारलं, पूर्ण कधी जाईल?

"पूर्ण जात नाही. ताब्यात ठेवता येतो."

मी म्हटलं, पूर्ण नाही तर नाही, निदान डोक्याचा तरी? त्या म्हणाल्या, तेही सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं, चैत्रापर्यंत तरी? पुढच्या पालखीपर्यंत? आयुष्यभर मी समोरच्याचा चेहरा बघून ओळखत आले की हा आणखी किती उतरेल. त्या बाईच्या चेहऱ्यावर उतरण्यासारखं काही नव्हतंच. माझ्याकडे द्यायलाही काही नव्हतं. उठून चालायला लागावं तर पाय सुजलेले. मी खुर्चीत बसून राहिले आणि त्या कागदावर लिहीत राहिल्या. माझा पहिला सौदा, ज्यात मला मागून हाक आली नाही.

वॉर्ड

अंगावरची कातडी काम करेनाशी झाली की माणसाला थंडी, ताप, तहान सगळं एकदम लागतं. पंखा बंद करा म्हटलं की शेजारची रुग्ण उकडतंय म्हणायची. लावला की माझे दात वाजायचे. सकाळी चादर बदलायला यायचे आणि झटकली की फरशीवर पांढरा थर. मी तो बघायचे नाही. भिंतीकडे तोंड करायचे. दिवसातून अनेकदा अंगभर पातळ तेलासारखं औषध चोळायचे, ओली फडकी ठेवायचे, रक्त काढायचे. सुई टोचायला धड जागा सापडायची नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घरच्यांनी खाट बदलून मागितली. मला ऐकू जाईल अशा आवाजात मागितली. सिस्टरने त्यांना सांगितलं की हे लागत नाही. त्यांनी मान हलवली आणि तरी बदलून घेतली. मग ती खाट दोन दिवस रिकामीच राहिली.

त्याच सिस्टरची एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. चोळायचं औषध थंडगार असायचं, अंगाला लागलं की जीव दचकायचा. ती बाटली आणण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मलाही थंड आवडत नाही.

मला भीती मरणाची वाटली नाही असं नाही. डॉक्टर फेरीला येऊन आपापसांत बोलायचे, मूत्रपिंड, जंतुसंसर्ग असे शब्द पडायचे, आणि रेश्मा ते शब्द मोबाइलवर शोधून वाचत बसायची. एकदा तिने विचारलं, "आई, मला पण होईल?" डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, होईलच असं नाही. होणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून ती डोकं खाजवते तेव्हा मी हातातलं काम थांबवते. तिला ते कळतं, आणि ती चिडते.

जाऊ भेटायला आली ती दारात. नाकाला पदर. आत ये म्हटलं तर म्हणाली, बसत नाही, भात शिजत लावून आलेय. सोबत आणलेली केळी तिने माझ्या हातात दिली नाहीत, माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. जाताना त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगून गेली. काय, ते मला लवकरच कळलं.

केस

माझे केस कमरेपर्यंत होते. पण त्यांत खवले चिकटून आता त्यांच्या जटा झाल्या होत्या. औषध कातडीपर्यंत पोचत नव्हतं, खालून पू यायला लागला होता. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण बारीक करा.

आमच्यात नवरा जिवंत असताना बाई केस उतरवत नाही. कोणी तसा नियम सांगत नाही, पण कोणी उतरवतही नाही. नवऱ्याने बाहेर पॅसेजमध्ये चकरा मारल्या आणि आत येऊन खाली मान घालून उभा राहिला. जावेने त्याला तेच सांगितलं होतं, की हे होऊ देऊ नको, तुझ्यावर येईल.

तो म्हणाला, "मी अजून जिता हाय ना."

मी म्हटलं, "तू जिता हायस म्हून मी मरू?"

सिस्टरने कात्री आणली तेव्हा खांद्याभोवती टॉवेल त्यानेच धरला. केस पडत गेले तसे तो ते गोळा करत गेला, जसे आम्ही सुटी फुलं गोळा करतो, एकही खाली न ठेवता. पिशवीत भरले आणि घेऊन गेला. खाडीत सोडले की पुरले, त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घरी

सोडलं तेव्हा अंगाची लाली उतरली होती, चकत्या होत्या. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी चालू झाली. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण हे वाचून कोणीतरी समोरच्या दुकानात जाऊन मागेल. तिच्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं. ज्याला डॉक्टरने लिहून दिली त्यानेच घ्यायची.

संध्याकाळी नवरा माझ्या डोक्याला लोशन लावायचा. जाड बोटं, टेम्पोचं स्टिअरिंग धरणारी, पण हलका हात. तो बोलायचा नाही. मीही नाही. आमच्या लग्नात इतकी शांतता याआधी कधी नव्हती, आणि ती चांगली होती की वाईट हे मला आजही सांगता येणार नाही. कधी कधी वाटायचं तो मला माफ करतोय, आणि मग मला राग यायचा की कशाबद्दल.

मी नसताना त्यानेच माल उचलला होता. जिथे गेला तिथे मागतील तो भाव देऊन आला. वाडीवाले त्याची स्तुती करत होते, यात नवल नाही.

पण गाळ्यावर परत बसले तेव्हा खरं काय ते कळलं. डोक्याला रुमाल बांधला होता. रोजची गिऱ्हाइकं दोन गाळे पुढे जायला लागली. तुळस, दुर्वा, देवाची फुलं माझ्याकडून कोणी घेईना. राजोडीच्या एका रिसॉर्टमध्ये लग्नाच्या सजावटीचं काम ठरलेलं होतं, त्यांनी कळवलं की फुलं पाठवा, माणसं आमची लावू. आणि झेंडूचे व्यापारी, ज्यांच्याशी मी आयुष्यभर हमरीतुमरीवर आले होते, ते भाव बोलायच्या आधीच खाली उतरवायचे. "घ्या ताई, तुमच्याकडून काय घ्यायचं." मी स्वस्तात माल घेऊन घरी यायचे आणि जेवण जायचं नाही. ज्याच्याशी कोणी घासाघीस करत नाही, त्याला बाजाराने मोडीत काढलेलं असतं.

मार्थाची वाडी

माघ सरता सरता मोगरा पुन्हा धरायला लागला आणि मी आगाशीला गेले. तिथे मार्थाबायची वाडी आहे. म्हातारी, एकटी राहते, तोंडाने माझ्यासारखीच फटकळ. घरी ती आपल्या बोलीत बोलते, माझ्याशी बाजारातल्या मराठीत भांडते. कळ्या वेचून केळीच्या पानांत पुडे बांधून ओट्यावर ठेवलेले.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रुमाल काढ म्हणाली. मी काढला. केस बोटभर आले होते, मधे मधे लाल चकत्या. तिने चष्मा लावून नीट पाहिलं, मेंढी विकत घेताना पाहतात तसं. मग विचारलं, लागणारं आहे काय? नाही म्हटलं. बरं, म्हणाली, आणि भाव सांगितला. गेल्या वर्षीपेक्षा बराच चढा.

मी म्हटलं, मार्थाबाय, आजारातून उठलेय मी.

ती म्हणाली, "तुझे केस उतरले, म्हणून माझा भाव उतरायचा काय?"

आम्ही भांडलो. तिने माझ्या वजनकाट्यावर संशय घेतला, मी तिच्या पुड्यातल्या ओल्या पानांच्या वजनावर. ती माल उचलून आत न्यायला निघाली, मी टेम्पोकडे चालायला लागले. तिने हाक मारली. नवऱ्याने दोनदा इंजिन चालू करून बंद केलं. शेवटी मधे कुठेतरी भाव तुटला आणि दोघी चरफडत राहिलो, म्हणजे सौदा बरा झाला होता.

टेम्पोत बसल्यावर मी रडायला लागले. नवऱ्याला वाटलं भाव जास्त पडला. म्हणाला, उद्या दुसरीकडे बघू. मी त्याला सांगितलं, गप चालव.

पालखी

चैत्र आला तशी जाऊ घरी आली. या वेळी उंबरठा ओलांडून आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. जाळीला मोगरा हवा होता आणि त्या दिवसांत सगळी चांगली कळी मी उचललेली होती. फुलं तू दे, म्हणाली, गुंफायचं आम्ही बघू.

मी म्हटलं, "वैनी, फुलां माजे संगती येतील."

खूप वेळ चाललं. मी मधली जागा मागितली. ती म्हणाली, बायका उठून जातील. मी म्हटलं, डॉक्टरांना मंडपात आणून सांगायला लावते की हे लागत नाही. ती म्हणाली, लागत नसेल, पण दिसतं ना. शेवटी ठरलं ते असं: चटईच्या टोकाला बसायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा, एकच सर गुंफायचा, मागच्या बाजूचा. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट सौदा. मी तो मान्य केला, कारण टोकाला का होईना, ती चटई होती.

मी ठरल्याप्रमाणे गेले. डोकं आदल्या दिवशी औषधाच्या शाम्पूने धुतलं होतं, काही पडत नव्हतं. पदर घट्ट घेतला. माझ्या शेजारी हातभर जागा मोकळी राहिली. मी सर गुंफला, सासूने शिकवला तसा, कळीला कळी चिकटून, मधून बोट जाऊ नये असा. पूर्ण करून टोपलीत ठेवला आणि घरी ओटीचं ताट करायला निघाले. ताट भरून झालं तेव्हा आठवलं की माझी सुरी मंडपातच राहिली. परत गेले. मंडप रिकामा होता, पालखी सजून बाहेर गेली होती. चटया गुंडाळायच्या होत्या. भिंतीपाशी ओल्या गोणपाटाखाली माझा सर होता. कोणीतरी काठीने ढकलला असावा, कारण काठी तिथेच पडली होती.

मी तो उचलला. बांधाच्या वाटेने घरी आले.

आमच्या गावात पालखी प्रत्येक दारापुढे थांबते. थांबावंच लागतं. माझ्या दारातही थांबली. पुढच्या दांडीला खांदा माझ्या नवऱ्याचा होता, जाऊ मागच्या बायकांत होती. मी उंबऱ्याबाहेर आले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात सर. डोक्यावरचा पदर मी काढून खांद्यावर टाकला. सगळ्यांना दिसू दे म्हटलं, काय दिसायचं ते. बोटभर केस आणि लाल चकत्या. ढोल वाजवणाऱ्याचा हात मंदावला.

मी नवऱ्याला म्हटलं, "खाली घे."

त्याने मागे वळून कोणाला विचारलं नाही. गुडघा वाकवला, दांडी खाली आणली. मी देवीच्या मुखासमोर, जावेच्या सराच्या वर, माझा सर बांधला. सोपटाची गाठ दोनदा मारली. जाऊ म्हणाली, "काढा कोनीतरी तो." पुढे कोणी आलं नाही. तिनेही पाऊल टाकलं नाही. मी ओवाळलं, बाजूला झाले, पालखी उठली.

साऱ्या गावातून फिरून ती देवळात गेली तेव्हाही माझा सर जागेवर होता. लोकांनी नंतर त्याचे बरेच अर्थ लावले. देवीने मान दिला, कोणी म्हणालं. मी पालखीच्या मागे शेवटपर्यंत चालले होते आणि मला कारण ठाऊक आहे. तो काढायचा तर कोणाला तरी त्याला हात लावावा लागला असता.